कोयता उचलणाऱ्या पोरांचे काय करायचे?

पुण्याच्या एखाद्या उपनगरात रात्री गल्लीत लावलेल्या गाड्यांच्या काचा फुटतात, कोयते नाचवत दुचाकीवरून जाणाऱ्या पोरांची चित्रफीत सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचते आणि दुपारपासून ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, यांची भर रस्त्यातून धिंड काढा, अल्पवयीन ठरवण्याची मर्यादा १८ वरून १४ वर आणा. दुसरी म्हणते, ही मुले बेकारीची, वस्तीची, मोडलेल्या घरांची बळी आहेत, दोष व्यवस्थेचा आहे. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन्ही बाजू दोष कोणाचा, या एकाच प्रश्नाभोवती फिरतात, आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नाही. गुन्ह्याचे समाजशास्त्र दोषाची वाटणी करण्यासाठी नाही. मुलगा शाळेच्या बाकावरून कोयत्यापर्यंत ज्या पायऱ्यांनी जातो, त्यांतली कोणती पायरी आपल्याला काढून घेता येईल, हे ते सांगू शकते. त्या नजरेने पाहिले तर लक्षात येते की सरकार, पोलीस आणि समाज आपली सारी ताकद शेवटच्या पायरीवर लावतात, आणि तिथेच ती सर्वांत कमी कामाला येते.

आधी कडक शिक्षेची मागणी करणाऱ्यांचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. ज्याची हप्त्यावर घेतलेली रिक्षा फोडली गेली, त्याला आरोपीच्या बालपणाची कहाणी ऐकवणे हा त्याचा अपमान आहे. गरीब वस्तीतल्या गुन्ह्याचा पहिला मार त्याच वस्तीतल्या गरिबाला बसतो, हे ‘व्यवस्थेचा दोष’ म्हणणारे बहुतेक वेळा विसरतात. कायद्यातही एक खरी फट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर ‘निर्घृण’ गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची सोय केली. पण निर्घृण म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे आहे असा गुन्हा. खुनाच्या प्रयत्नाला कायद्यात अशी सरसकट किमान शिक्षा नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार, आणि नंतरच्या दुरुस्तीनुसारही, असा गुन्हा ‘गंभीर’ गटात जातो, ‘निर्घृण’ गटात नाही. परिणाम असा की सतरा वर्षांच्या मुलाने डोक्यात कोयता घातला आणि जखमी माणूस नशिबाने वाचला, तर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा प्रश्नच येत नाही. यावर संसदेत चर्चा व्हायला हवी, यात वाद नाही.

पण ही फट बुजवल्याने गाड्यांच्या काचा फुटायच्या थांबतील का? वय १४ वर आणल्याने तरी थांबतील का? काचा फोडणे, मारामारी, मोबाइल हिसकावणे हे गुन्हे निर्घृण गटात बसतच नाहीत, म्हणून ही फट बुजवून त्यांत काही फरक पडत नाही. निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ खटल्याची तरतूद तर जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आणि ‘कोयता गँग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला तो त्यानंतर. अमेरिकेने १९८० आणि ९० च्या दशकांत अल्पवयीनांना मोठ्या प्रमाणात प्रौढ न्यायालयात पाठवून पाहिले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञगटाच्या आढाव्यात निष्कर्ष निघाला की अशी बदली झालेली मुले पुढे जास्त हिंसक गुन्हे करतात. कारण उघड आहे. तुरुंगात त्यांना वयाने मोठे शिक्षक भेटतात, आणि बाहेर आल्यावर कपाळावरचा शिक्का नोकरीच्या दारात आडवा येतो.

शिक्षेचा धाक असतोच. मात्र तो शिक्षेच्या आकारापेक्षा तिच्या खात्रीवर आणि वेगावर उभा असतो. इटालियन विचारवंत बेकारियाने हे १७६४ मध्ये लिहून ठेवले, आणि इंग्लंडने पुढची पन्नास वर्षे ते उलट्या मार्गाने सिद्ध केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. त्यांत किरकोळ चोऱ्याही होत्या. झाले काय? खिशातून बारा पेन्सहून महाग माल चोरला तर फाशी, म्हणून ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवायची. फिर्यादी तक्रार द्यायला कचरायचे. शेवटी कापड धुऊन पांढरे करणाऱ्या कारखानदारांनीच, म्हणजे ज्यांचा माल चोरीला जात होता त्यांनीच, संसदेकडे अर्ज केला की आमच्या मालाच्या चोरीची फाशी रद्द करा, कारण फाशीच्या भीतीने कोणी दोषीच ठरत नाही. १८०८ मध्ये सॅम्युअल रोमिली यांनी खिसेकापूंची फाशी रद्द करवून घेतली, तीही याच युक्तिवादावर. आपल्याकडे खुनाच्या खटल्यांतही दोषसिद्धीचे प्रमाण देशभरात निम्म्याहून कमी आहे आणि तुरुंगांत दर चार कैद्यांमागे जवळपास तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे निकालाआधीची कोठडी हीच बहुतेकांची शिक्षा, आणि निकालानंतर सुटण्याची शक्यता दांडगी. अशा व्यवस्थेत शिक्षेचा आकडा वाढवून धाक कसा वाढणार?

पुण्याला यातले काही नवीन नसावे. घाशीराम १७७७ पासून या शहराचा कोतवाल होता. त्याच्या अमलात शहराला धाक पुष्कळ होता, हिशोब कोणाकडेच नव्हता. १७९१ मध्ये कोठडीत डांबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने कोतवालालाच दगडांनी ठेचून मारले. धिंडीचे समर्थक विचारतील, याचा आजच्याशी काय संबंध? संबंध असा की दोष सिद्ध होण्याआधी दिलेली जाहीर शिक्षा कायद्याचा धाक वाढवत नाही, ती देणाऱ्याचा वाढवते. शिवाय सोळा वर्षांच्या पोराच्या जगात धिंडीची चित्रफीत ही पदवी ठरते. त्याच्या टोळीत तीच फिरते, खाली मित्र ‘भाई’ लिहितात. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम अमेरिकेत वर्षानुवर्षे चालले. त्यांची पद्धतशीर तपासणी झाली तेव्हा आढळले की भेट दिलेली मुले न दिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती.

आता दुसरी बाजू. गरिबीमुळे गुन्हा, हे सूत्र ऐकायला माणुसकीचे वाटते, पण ते तपासाला टिकत नाही. पीएमसी बँकेतला घोटाळा सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झाला, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला स्वतःच्याच खात्यातून फक्त १००० रुपये काढण्याची मुभा उरली. तो घोटाळा भुकेपोटी झाला नव्हता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्येच दाखवले होते की गुन्हा शिकला जातो, तो सोबतीतून शिकला जातो, आणि ही सोबत कारखान्याच्या संचालक मंडळातही मिळते. राज्यांची आकडेवारीही हे सूत्र मोडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत केरळचा गुन्ह्यांचा दर बिहारपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. त्याचे मोठे कारण म्हणजे केरळात तक्रार नोंदवून घेतली जाते. गुन्हेगारी आणि गुन्ह्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न सांगता आकडे फेकणारे दोन्ही बाजूंना सापडतात.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण या चर्चेत नेहमी येते आणि अर्धेच सांगितले जाते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले, आणि पुढच्या दशकात लालबाग-परळच्या चाळींतली पोरे टोळ्यांत गेली. हे खरे आहे. पण त्याच चाळींतली बहुसंख्य पोरे टोळीत गेली नाहीत. कोणी वडापावची गाडी लावली, कोणी सुरक्षारक्षक झाला, कोणी टेम्पो चालवला. मग गेले ते का गेले? कारण बेकारीच्या जोडीला तिथे पैसा देणारा गुन्हेगारी धंदा तयार होता, भरती करणारा दादा नाक्यावर होता, आणि गिरण्यांच्या जमिनींना भाव येणार हे दिसत होते. बेकार माणूस आणि गुन्हेगार यांच्यामध्ये असे तीन-चार दुवे लागतात. दुवे मोजले तर उपाय सापडतात, नुसते बेकारीवर बोट ठेवले तर हात चोळत बसावे लागते, कारण बेकारी पुढच्या सोमवारी संपणार नसते.

मुंबईच्या टोळ्या कशावर पोसल्या, हे पाहिले की दुव्यांचे महत्त्व कळते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीचा बाजार उभा केला. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या तस्करीचा नफा आणखी वाढवला. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोने आणता येऊ लागले, आणि किनाऱ्यावरच्या त्या धंद्यातला जीव गेला. चित्रपटसृष्टीला १९९८ मध्ये उद्योगाचा दर्जा मिळाला आणि बँकेचे कर्ज मिळण्याचा रस्ता खुला झाला, तशी टोळ्यांच्या पैशाची गरज कमी होत गेली. चकमकींनी टोळ्या संपवल्या असे सांगणाऱ्यांनी हा आर्थिक इतिहासही सांगावा. पोलिसांच्या कामाचा, १९९९ च्या मोक्का कायद्याचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण टोळीतला एक माणूस गेला की त्याची जागा दुसरा घेतो. नफाच गेला तर त्या जागेला किंमत उरत नाही.

संधी काढून घेतल्याने गुन्हा कमी होतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पश्चिम जर्मनीतले आहे. १९८० मध्ये तिथे हेल्मेट न घालणाऱ्याला जागच्या जागी दंड सुरू झाला. उद्देश अपघात कमी करण्याचा होता. पण त्या वर्षी दीड लाखाच्या आसपास असलेल्या दुचाकीचोऱ्या १९८६ पर्यंत साधारण एक तृतीयांशावर आल्या, कारण हेल्मेटविना चोरलेली गाडी घेऊन निघालेला चोर पहिल्याच चौकात अडवला जायचा. चोरांची गरिबी, त्यांची घरे, त्यांचे संस्कार, यातले काहीही बदलले नव्हते. आपल्याकडे मे २०२३ पासून देशभर सुरू झालेली मोबाइल बंद करण्याची यंत्रणा याच जातीची आहे. *#०६# दाबून मिळणारा पंधरा आकडी क्रमांक लिहून ठेवलेला असेल, तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’वर तो हँडसेट देशातल्या कोणत्याही सिमकार्डसाठी बंद करता येतो. अडचण अशी की लोक तक्रारच देत नाहीत, आणि ठाण्यात ‘हिसकावला’ऐवजी ‘गहाळ झाला’ असे लिहून घेण्याची सवय जुनी आहे. तक्रार गहाळची झाली की हिसकावणारा कागदावरून पुसला जातो आणि चोरीचा हँडसेट विकत घेणारा दुकानदार तर कधी दिसतच नाही.

सामाजिक कारणे सांगणाऱ्यांनी आणखी एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. कारण माणसांच्या समूहावर चिकटवले की त्याचा कलंक होतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा त्या काळाच्या ‘शास्त्रीय’ समजुतीवरच उभा होता: काही जमातींचा धंदाच गुन्हा, म्हणून जन्मापासून हजेरी, पास, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण चोरी झाली की पहिला छापा पारध्यांच्या पालावर, ही सवय गेली नाही. आज ‘अमुक वस्तीतली पोरे’ असे म्हणताना आपण दुसरे काय करतो? शिकागोचे समाजशास्त्रज्ञ शॉ आणि मॅके यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतल्या बालगुन्ह्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट दिसली. शहराच्या त्याच भागांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, नंतर पोलिश आणि इटालियन आले. माणसे बदलली, पण गुन्ह्यांचे प्रमाण त्या जागेत चढेच राहिले, आणि बाहेर पडलेल्या समाजांच्या मुलांतले गुन्हे कमी झाले. म्हणजे बिघाड रक्तात वा जातीत नव्हता. सतत बदलणारी भाडोत्री वस्ती, एकमेकांना न ओळखणारे शेजारी आणि मुलांवर नजर ठेवायला कोणीच नाही, अशा जागेत तो होता.

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. शाळा, मैदान, बससेवा मागून येत राहिली. सात नवी पोलीस ठाणी सुरू व्हायला २०२४ उजाडले. चाळीत दुसऱ्याच्या पोरालाही कान धरून घरी नेणारे काका-मामा असायचे, याच्या आठवणी काढणे सोपे आहे. दोन वर्षांपूर्वी आलेला भाडेकरू शेजारच्या पोराला का हटकेल, आणि हटकले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील? त्या पोकळीत नाक्यावरचा दादा येतो. तो फी भरतो, गाडीत पेट्रोल टाकतो, वाढदिवसाचा फ्लेक्स लावतो.

इथेच कायद्याचे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षे शिक्षा आहे; बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्येही सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. ‘पोराला दोन महिन्यांत सोडवून आणतो’ हे सांगणारा कोणीतरी प्रौढ बहुतेक टोळक्यांच्या मागे असतो. कोयता कोणी दिला, दुचाकी कोणाच्या नावावर आहे, जामिनाला कोण आले, वकील कोणी दिला, हे चार प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारले गेले आणि उत्तरांवर कलम ९५ लागले, तर अल्पवयीनाला पुढे करण्यातला दादाचा फायदाच संपतो. वयाची मर्यादा १४ वर आणली, तर तोच दादा तेरा वर्षांचा पोरगा शोधेल.

मुलाच्या पहिल्या गुन्ह्यानंतर कागदावर काय व्हायला हवे, तेही पाहू. निर्घृण गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ नसेल, तर नियमानुसार एफआयआर होत नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बनवतो. ताब्यात घेतलेल्या मुलाला २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे नेतात. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतो, आणि चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपायला हवी. रचना चांगली आहे. बिघडते ते या पंधरा दिवसांत. एका अधिकाऱ्याकडे ढीगभर प्रकरणे असली की घरभेट होत नाही, अहवाल साच्यातून निघतो: ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी, संगत वाईट.’ ही संगत म्हणजे कोण, त्यांची वये काय, मुलगा शाळेत शेवटचा कधी गेला, कोणत्या विषयात नापास होऊन सुटला, हे त्यात नसते. मंडळाला त्या कागदावरून काय आदेश देता येणार? म्हणून समज देऊन पालकांच्या ताब्यात देणे आणि निरीक्षणगृह या दोन टोकांवर बहुतेक प्रकरणे मिटतात. कायद्याच्या कलम १८ मध्ये मधल्या पायऱ्या आहेत: सामुदायिक सेवा, दंड, देखरेखीखाली मुक्तता. आठवड्याभरात आदेश होऊन ज्याची रिक्षा फोडली त्याच्यासमोर उभे राहणे, कुटुंबाने हप्त्याने भरपाई देणे, सहा महिने दर शनिवारी नेमून दिलेले काम करणे, यात पोरगा नायक होत नाही, आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाही काही मिळते.

सगळ्यांनाच हे लागत नाही. १९४५ मध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात वाढलेल्या सुमारे दहा हजार मुलांच्या पोलीस नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सहा टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. एकदा पकडली गेलेली बरीच मुले पुन्हा कधी नोंदीत आली नाहीत. म्हणून पहिल्या वेळी थोडक्यात पण लगेच उत्तर, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच नावावर पूर्ण लक्ष, अशी विभागणी हवी. आपण उलटे करतो. पहिल्या वेळी काहीच नाही, आणि अठरा पूर्ण झाल्यावर एकदम तडीपारी. दोन वर्षांपर्यंतची तडीपारी म्हणजे मुलगा शेजारच्या जिल्ह्यात घर, आई आणि काम यांच्यापासून तुटून राहतो. शहरात गुपचूप येत राहिला, तर आश्रय देणारा फक्त दादाच उरतो.

चांगल्या हेतूचे कार्यक्रमही तपासल्याशिवाय चालवू नयेत. अमेरिकेत केंब्रिज-सोमरव्हिल येथे १९३९ पासून पाचशेच्या वर मुलांची दोन गटांत विभागणी करून एका गटाला सल्लागार, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे दिली. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी त्या सर्वांचा मागोवा घेतला, तर मदत मिळालेल्या गटाची अवस्था काही बाबतींत उलट वाईट निघाली. पुढच्या विश्लेषणात संशय गेला तो शिबिरांवर: वांड पोरे एकत्र आणली की ती एकमेकांना शिकवतात. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे टोळक्यातली दहा पोरे एका सभागृहात बसवून भाषण. ते बंद करून प्रत्येकाला वेगळ्या शाळेशी, वेगळ्या तालमीशी, वेगळ्या कामाच्या जागेशी जोडणे हेच या अभ्यासाचे व्यवहारातले भाषांतर आहे.

जोडायचे कुठे, हा प्रश्न मात्र राज्याने स्वतःला विचारायला हवा. शिक्षणहक्काचा कायदा १४ व्या वर्षी हात सोडतो. नववीत नापास झालेला मुलगा बहुतेक आयटीआय अभ्यासक्रमांना दहावीच्या अटीमुळे मुकतो आणि चांगली नोकरी अठरापर्यंत मिळत नाही. ही चार वर्षे तो कायदेशीररीत्या कुठलाच नसतो. आठवी पासवर प्रवेश असलेले आयटीआयचे मोजके अभ्यासक्रम वाढवणे, ते संध्याकाळी चालवणे आणि नववीत सलग महिनाभर गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी शाळेतून माणूस जाणे, याला नवा कायदा लागत नाही. पोलिसांनाही आपल्या कामाच्या जागा ठाऊक असतात. तोडफोडीच्या घटना ठरावीक गल्ल्यांत, ठरावीक वेळेला होतात. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराच्या अभ्यासात अशा ठिकाणी दहा ते पंधरा मिनिटे थांबणारी गस्त नुसत्या फेरीपेक्षा बरीच परिणामकारक ठरली, आणि त्याहून जास्त वेळ थांबून फायदा वाढला नाही. जीप सायरन वाजवत गल्लीतून निघून जाण्यापेक्षा दोन शिपायांनी वेळ बदलत तिथे पंधरा मिनिटे उतरून उभे राहावे.

पुढच्या तोडफोडीनंतर पोलीस आयुक्तांना, महापालिकेला आणि महिला व बालविकास विभागाला विचारायचे प्रश्न म्हणूनच वेगळे हवेत. मुलाच्या पहिल्या गुन्ह्यापासून मंडळाच्या पहिल्या आदेशापर्यंत सरासरी किती दिवस जातात? एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे किती मुले आहेत आणि त्यांतल्या किती घरांना त्याने प्रत्यक्ष भेट दिली? भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली या वर्षी शहरात किती प्रौढांवर दोषारोपपत्र दाखल झाले? हे आकडे ठाणेनिहाय, दर तीन महिन्यांनी जाहीर करायला लावले पाहिजेत.